डावखुऱ्या बायका

बाई उलटी छापली होती. डोकं खाली पाय वर अशी नव्हे, तेवढी अक्कल हरामखोरांना आहे. डावीची उजवी केली होती. रक्त देऊन झाल्यावर रिपोर्ट येईपर्यंत मला ज्या बाकावर बसवलं होतं, त्याच्या समोरच्याच भिंतीवर ती माणसाएवढी उभी, ओठांवर बोट ठेवून, आणि खाली ‘शांतता राखा’. तिच्या पायाशी बसून एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी आपल्या पोटाची हकीकत सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी सांगत होता. लोक माझ्या चित्रांचं काय करतात हे मला ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मान वर केली आणि बघतच राहिलो. आधी कळलंच नाही काय चुकलंय ते. आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात दिसावी तसं झालं. मग रेघांकडे लक्ष गेलं. माझ्या हाताची सावलीची रेघ वर उजवीकडून खाली डावीकडे पडते, उजव्या हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाची तशीच पडते. भिंतीवरच्या सगळ्या रेघा विरुद्ध बाजूला कलल्या होत्या, वारा फिरल्यावर गवत कलतं तशा. जिथे माझी सही होती तिथे रंगाचं एक ठिगळ. सही उलटी वाचता आली असती ना! चोराने जाताना पावलांचे ठसे पुसावेत तशी ती पुसली होती. नर्सने नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मग शेजारच्याने मला ढोसलं. रिपोर्ट घेतला आणि न बघता खिशात कोंबला. साखर वाढली असेल नाहीतर नसेल, कोण बघतो.

तिथूनच फोन लावला. हॉस्पिटलची पोस्टरं छापून घेणाऱ्या एजन्सीतली मुलगी माझ्या धाकट्या लेकीहून लहान आहे आणि तिच्या कार्डावर कलासंचालक असं लिहिलेलं आहे. वाईट नाही ती. तिला रेघ कळते, पण रेघेला वेळ लागतो हे कळत नाही.

“काका, बोला ना, कशी आहे तब्येत?”

“माझी बाई कुणी पालथी घातली?”

“काय?”

“हॉस्पिटलातली. डावीची उजवी कुणी केली?”

“हां, ते होय! अहो, डॉक्टरांची कमिटी होती ना, त्यातले एकजण म्हणाले, ही डाव्या हाताने गप्प बसवतेय, काहीतरी विचित्र वाटतं. मग आम्ही फ्लिप मारला. एक क्लिक काका. चेहरा तोच आहे.”

“चेहरा तोच नाहीये.”

“तुम्ही सोडून कुणाला कळणारे?”

“मग कमिटीतल्या त्या डॉक्टरचंही काळीज उजवीकडे करून टाका. बाकीचा तोच राहील. कुणाला कळणारे?”

ती हसली. मी हसलो नाही. मग तिने तो प्रश्न विचारला, जो या धंद्यात पाय टाकल्यापासून मला प्रत्येक संपादकाने, प्रत्येक छापखानेवाल्याने विचारलाय. “पण काका, तुमच्या सगळ्याच बायका डावखुऱ्या का असतात हो?” एरवी मी ‘माझी खोड’ म्हणून मोकळा होतो. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, “माझी बहीण डावखुरी होती.”

“होती” म्हटल्यावर लोक माणूस मेलं असंच धरून चालतात. “सॉरी काका,” ती म्हणाली, “मला माहीत नव्हतं. बदलून घेते सगळ्या. या आठवड्यात माणूस पाठवते.” मी फोन खिशात टाकला.

आमच्या घरात ‘बहीण’ हा शब्दच बंद होता. ताई गेली तेव्हा मी सात वर्षांचा असेन. कचेरीत टायपिस्ट होती, तिथल्याच एका माणसाबरोबर गेली. त्याला आधीची बायको होती म्हणे. वडलांनी त्याच संध्याकाळी दाढीचं ब्लेड घेतलं, सगळे फोटो टेबलावर पसरले, आणि गळू कापावं तसं शांतपणे तिला प्रत्येकातून कापून काढलं. मधे लांबट भोकं असलेले ते फोटो आईने मात्र फेकू दिले नाहीत. एकात मी खुर्चीवर बसलोय, मागे कुणीच नाही, आणि माझ्या खांद्यावर चार बोटं आहेत. तिची ती चार बोटं वडलांच्या नजरेतून सुटली. तेवढीच राहिली. मोठ्या भावाला, दादाला, तिचं नाव घेतल्याबद्दल मार बसला, तेव्हा मी शहाणा झालो. बोलायचं नाही. पण काढायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

मुलं येतात हल्ली मुलाखती घ्यायला, कॉलेजातली, गळ्यात कॅमेरे. ‘सर, तुमची प्रेरणा काय?’ मी ठोकून देतो. झाडं म्हणतो, भिंतीवरचं ऊन म्हणतो, जुन्या छापखान्यातले लाकडी ठसे म्हणतो, आणि ती बिचारी लिहून घेतात. कुठल्या शाळेत शिकलात? कुठल्याच नाही, बाबांनो. दुकानांच्या पाट्या रंगवत शिकलो. अक्षर कसं उभं राहतं ते शिडीवर कळलं, माणूस कसा उभा राहतो ते खाली वाट बघणाऱ्या दुकानदाराकडे बघून कळलं. पण चेहरा? चेहरा मी एकच शिकलो. साबणाच्या वेष्टणावर ती आहे. बालवाडीच्या पुस्तकात मुलाला आंघोळ घालणारी आई ती आहे, बँकेच्या पत्रकातली हसरी कारकून ती आहे, लसीच्या पोस्टरवरची नर्स ती, कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर खिडकीशी बसलेली ती. उजव्या गालावर तीळ, समोरच्या दाताचा टवका उडालेला, डावीकडे भांग, आणि सगळं काही डाव्या हाताने. छापखान्यात माझं नावच डावरे पडलं. ‘डावरेंकडे द्या काम, पण बाईच्या हातात चमचा असेल तर आधी कल्पना द्या.’ मी चिडलो, आणि चिडून तीच सही केली. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर आहे. बायकोने लग्नानंतर वर्षभर सहन केलं, मग एक दिवस म्हणाली, “या बाईला एकदा घरी तरी घेऊन या. चहा करते मी तिच्यासाठी.” तेव्हा तिला सांगितलं. त्यानंतर तिने कधी टोमणा मारला नाही, पण नवीन पुस्तक आलं की आधी ते चित्र बघते, आणि माझ्याकडे न बघता म्हणते, “छान दिसतात.” नणंदेबद्दल बोलावं तसं. एकदाही न पाहिलेल्या नणंदेबद्दल.

मी हे का करत आलो ते सरळ सांगतो, कलेबिलेच्या गप्पा नकोत. तिला दिसावं म्हणून. ती कुठे आहे माहीत नाही, जिवंत आहे का माहीत नाही. पण जिवंत असली तर तिच्या घरात साबण येत असेल, मूल झालं असेल तर पुस्तक येत असेल, आजारी पडली असेल तर दवाखान्यात बसत असेल. कधीतरी समोर स्वतःलाच बघेल आणि कळेल तिला, की त्या घरातल्या एकाने आपल्याला कापून टाकलेलं नाही. दुसरं काही नको होतं. म्हणून लाखांनी प्रती निघणार असल्या की मी फुकटसुद्धा काम घेतलं. हलकं काम, बाजारू काम, मोठे चित्रकार ज्याला नाक मुरडतात ते. त्यांची चित्रं दहा श्रीमंतांच्या भिंतीवर टांगली जातात. माझी ताई साबणाबरोबर घराघरांतल्या मोरीत गेली.

आणि आता तिलाच पालथी घातली होती. घरी आलो तरी डोकं ठिकाणावर नव्हतं. टेबलाशी बसलो, कुंचले धुतलेलेच पुन्हा धुतले. रागावलो होतो, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी सळसळत होतं. डोळे मिटले की भिंतीवरचा तो चुकीचा चेहरा समोर यायचा आणि तो चुकीचा वाटत नव्हता. परका होता, पण परका माणूस जिन्यात भेटावा आणि त्याने आपल्या घरातल्या नावाने हाक मारावी, तसा. माझ्या चेहऱ्याला, म्हणजे तिच्या त्या नेहमीच्या चेहऱ्याला, इतक्या वर्षांत गुळगुळीतपणा आला होता, हे कबूल करायला हवं. पायरी झिजते तसा. हा झिजलेला नव्हता. याच्याकडे बघितलं की छातीत काहीतरी लहान मुलासारखं हलत होतं. बायको म्हणाली, “रिपोर्ट काय म्हणतो?” मी म्हटलं, “बाई उलटी छापलीय.” ती म्हणाली, “तुम्ही आधी जेवून घ्या.”

संध्याकाळी दादाला फोन केला. दादा दुसऱ्या गावी असतो, निवृत्त आहे, कमी ऐकू येतं आणि त्याची भरपाई म्हणून जास्त बोलतो. कुणाजवळ तरी शिव्या देऊन मोकळं व्हायचं होतं, दुसरा कोण आहे? सगळं सांगितलं.

“मग बिघडलं काय?” तो म्हणाला. “बोट हे बोट. डावं काय नि उजवं काय.”

“दादा, ती ताई आहे.”

“कोण?”

“पोस्टरवरची बाई. ताई आहे ती. माझ्या सगळ्या चित्रांत ताईच असते.”

“ती ताई आहे?” तो म्हणाला. “मला वाटायचं तुझी बायको काढतोस तू.”

“माझी बायको अशी दिसते?”

“मी काय निरखून बघत बसलोय का तुझ्या बायकोकडे? पण ताई? ताई अशी नव्हती रे. काहीतरी भलतंच काढलंयस तू. बरं, तुझं ते ठरलेलं असतंच, सगळ्या डावखुऱ्या.”

“डावखुरीच होती ती.”

“खुळा आहेस का? ताई डावखुरी? अरे, मी अभ्यास टाळला की थोबाडीत द्यायची ती. डाव्या गालावर बसायची! अजून गाल सांगेल. समोर उभी राहून डाव्या गालावर मारायला कुठला हात लागतो, सांग. तू चित्रकार ना?”

मी रिकाम्या हवेत हात उचलून बघितला. उजवा.

“आणि तीळ?” मी विचारलं.

“डाव्या गालावर. तीळ मी विसरेन होय! शेजारचे सगळे त्या तिळापायी आपल्या दारावरून चकरा मारायचे.” मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “तुला आठवत नाही का ती? लहानच होतास म्हणा. तू तर सारखा तिच्या मागे बसलेला असायचास.”

मागे. फोन हातातच राहिला. दादा ‘हॅलो, हॅलो’ करत होता, पण मी लहानपणच्या त्या खोलीत जाऊन बसलो होतो. एवढीशी खोली, एक पलंग, एक कपाट, कपाटाच्या दाराला लांब आरसा. ती कामावर जायच्या आधी स्टुलावर बसून केस विंचरायची, आणि मी पलंगावर, तिच्या पाठीमागे, पिशव्या फाडून केलेल्या कागदांवर तिला काढायचो. जागाच नव्हती दुसरीकडे बसायला. तिची पाठ माझ्याकडे, आणि चेहरा आरशात. आम्ही आरशातूनच बोलायचो. ‘नाक एवढं मोठं काढलंस तर मार खाशील.’ ‘हलू नकोस मग.’ ‘मी नाही हलत, माझं नाकच हलतं.’ दातांत पिना धरून ती हसायची आणि टवका उडालेला तो दात दिसायचा. इतर वेळी ती समोर येत असणारच, भरवत असणार, बोट धरून नेत असणार, पण ते सगळं मी कागदावर उतरवलं नाही, आणि जे उतरवलं नाही ते माझ्याजवळ उरलं नाही. उरलं ते फक्त आरशातलं. पिशवीच्या कागदापासून हॉस्पिटलच्या भिंतीपर्यंत मी तेच गिरवत आलो. बहीण नव्हे, बहिणीचं प्रतिबिंब.

आणि मग वडील आठवले. माझं पहिलं पुस्तक मी मुद्दाम त्यांच्या पुढ्यात टाकलं होतं. मुलाला आंघोळ घालणारी ताई, पानभर. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, म्हणाले, “बरं काढलंयस,” आणि पान उलटलं. त्या पान उलटण्यापायी मी त्यांच्याशी मरेपर्यंत धड बोललो नाही. दगड म्हणालो त्यांना, पोटच्या पोरीचा चेहरा बघून पापणी हलली नाही म्हणून. त्यांना कळलीच नव्हती ती. कुणालाच नव्हती कळली. आई ते पुस्तक उशाशी घेऊन निजायची, मी समजत होतो ताईसाठी. लेकाचं पहिलं पुस्तक म्हणून घेत होती बिचारी. लाखांनी प्रती, घराघरांत साबण, आणि त्या बाईला ओळखणारा एक माणूस या जगात नव्हता. तिचा नवरा वेष्टण फाडून साबण काढत असेल आणि वेष्टण कचऱ्यात टाकत असेल. तिच्या मुलांनी तिच्याच मांडीवर बसून ते पुस्तक वाचलं असेल आणि पुढच्या पानावर गेली असतील. चाळीस वर्षं मी हाका मारत होतो, आणि चुकीच्या नावाने मारत होतो.

सकाळी हात धुताना वर आरशात बघितलं आणि नळ तसाच वाहत राहिला. माणूस स्वतःला कुठे बघतो? ताईने ताईला कुठे बघितलं होतं? रोज, त्या स्टुलावर बसून. उजव्या गालावर तीळ असलेली, डाव्या हाताने विंचरणारी बाई तिच्याइतकी कुणाच्या ओळखीची होती? सगळ्या जगाला परका असलेला तो चेहरा फक्त दोन माणसांचा होता, माझा आणि तिचा. तिने बघितला असेल तर ती क्षणात समजली असेल. एवढंच नव्हे, कुणी काढला तेही समजली असेल, कारण त्या कोनातून तिला दुसऱ्या कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मग? मग आली का नाही? कितीतरी वेळ मी नळाशी उभा होतो. मेली असेल. नसेल यायचं. आणि सही! कळून तरी ती शोधणार कुणाला? चित्राखाली डावरे. असला कुणी माणूस तिच्या आयुष्यात नव्हता. रागारागात मी स्वतःचंच नाव कापून टाकलं होतं. ब्लेड काय फक्त वडलांच्याच हातात होतं का.

ती उलटी बाई बदलू नका, हे सांगायला एजन्सीत फोन लावला. “काका, कालच माणूस पाठवला की हो! तुम्ही एवढे चिडलात म्हणून पहिलं काम तेच केलं.” तिला आणखी काही न बोलता मी रिक्षा पकडली. खालच्या मजल्यांवर काम झालं होतं. जिन्यात, औषधांच्या खिडकीशी, ताई पुन्हा डाव्या हाताने गप्प बसवत होती. माझी झिजलेली ताई. धावत वर गेलो, म्हणजे या वयात जितकं धावता येतं तितकं. शिडीवर एक माणूस, काखेत नवीन विनाईलची गुंडाळी, हातात पातळ पातं, जुन्या चित्राचा वरचा कोपरा नुकताच सुटलेला.

“थांबा! हात लावू नका!”

“साहेब, मला वरून ऑर्डर आहे.”

“वरून म्हणजे माझ्याकडूनच आहे. माझं चित्र आहे ते.”

त्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, हातातल्या गुंडाळीकडे बघितलं. “दोन्ही सारखीच तर आहेत.”

“असू दे. हे राहू द्या.”

“मग याचं काय करू?”

“घरी न्या. पोरं दंगा करत असतील ना?”

तो हसला आणि सुटलेला कोपरा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला. तो उतरल्यावर मी तिच्यासमोर उभा राहिलो. जायच्या दिवशी तिने असंच बोट ठेवलं होतं, आधी आरशात. स्टुलाखाली पिशवी होती, मला दिसली होती. मी काहीतरी विचारणार तेवढ्यात आरशातल्या तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि मी तेच काढायला लागलो. मग ती स्टुलावर वळली. सबंध वळली, आणि तिचा खरा चेहरा माझ्या इतक्या जवळ आला की त्याचं काही करताच येईना. ओला होता, एवढं कळलं. तो चेहरा मी पुढे शेकडो वेळा काढायला गेलो आणि कागद कोराच राहिला. आता तो भिंतीवर होता. एका क्लिकने वळवला होता कुणीतरी, कमिटीच्या सांगण्यावरून. उजव्या हाताची, डाव्या तिळाची, रस्त्यात भेटणाऱ्याला, नवऱ्याला, पोरांना दिसली असेल तशी. मी तिला ‘ताई’ म्हटलं. मोठ्याने. तीच म्हणत होती गप्प बस, तरी म्हटलं. बाकावरच्या दोघांनी मान वळवली.

शिडीवाल्याकडे जाड मार्कर होता. सही पुसून ठिगळ लावलं होतं तिथे मी माझा फोन नंबर लिहिला. नाव नाही, वाक्य नाही, नुसता नंबर. चित्रकाराला वाटतं चित्राने सगळं सांगितलेलं आहे, जो ओळखेल त्याला खाली नंबर दिसला की पुरे. चित्रकार मूर्ख असतो. ‘शांतता राखा’ असं लिहिलेल्या बाईखाली नंबर असला तर तो हॉस्पिटलचाच, नाहीतर कुणाचा?

त्या दुपारपासून फोन वाजतोय. लॅब किती वाजता उघडते? उपाशीपोटी यायचं का? वडलांना काल आणलं होतं, त्यांचा चष्मा राहिलाय का तिथे? एकाने शांतता राखली जात नसल्याची तक्रार नोंदवली, माझ्याकडेच. पहिल्या दिवशी मी दोघातिघांवर ओरडलो. आता ओरडत नाही. लॅबच्या वेळा विचारून ठेवल्यात, हाडांचे डॉक्टर कधी बसतात तेही ठाऊक झालंय. बायको म्हणते, “पगार मागा त्यांच्याकडे.” पण ती आंघोळीला निघाली की माझा फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवून जाते, आणि मला बजावून जाते, “वाजला तर उचला हं.” मी उचलतो. पहिल्या रिंगलाच उचलतो, कुंचला तोंडात धरून. विचारतील ते सांगतो. सांगून झालं तरी लगेच ठेवत नाही. पलीकडे कधी गाड्यांचा आवाज असतो, कधी कुणाचा खोकला, कधी नुसताच श्वास, एखाद्या म्हाताऱ्या बाईचा असावा तसा. “आणखी काही विचारायचंय का?” मी म्हणतो, आणि थांबतो.